डिशवॉशर पाणीच घेत नव्हता: नागपुरात वरच्या मजल्यावर वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी घेतलेल्या डिशवॉशरने आता एक पूर्ण उन्हाळा पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहिते. भांडी छान निघतात. सावजी रश्श्याची तर्री चढलेलं पातेलं, दह्याचे डबे, तुपाच्या वाट्या, सगळं लख्ख. झुणक्याची खरवड मात्र आधी उलथन्याने काढावी लागते. ॲल्युमिनियमची भांडी आत ठेवू नका, डिटर्जंटने ती काळी पडतात. लोखंडी तवा आणि पितळही बाहेरच बरं.

आता खरा विषय. एप्रिल लागला आणि मशीन पाणी घेईना. सुरू केलं की आतलं उरलेलं पाणी बाहेर टाकल्याचा आवाज, मग बारीक घूंघूं, आणि काही मिनिटांनी नळाचं चिन्ह लुकलुकून काम ठप्प. सर्व्हिसचा माणूस आला, पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारी झडप, गेला, बदलावा लागेल. मला ते पटेना. सकाळी लवकर लावलं तर हेच मशीन बिनतक्रार चालत होतं, अडायचं ते दुपारी. बिघडलेला व्हॉल्व्ह काही वेळ पाहून बिघडत नाही.

आम्ही मनीषनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. टाकी अगदी डोक्यावर, म्हणून आपल्याकडे दाब भरपूर, असं पुष्कळांना वाटतं. आहे नेमकं उलट. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, 10 मीटरला साधारण 1 बार. आमच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापासून जेमतेम साडेतीन मीटर वर आहे, म्हणजे 0.35 बार. टाकी काठोकाठ भरली तर त्यात थोडी भर पडते. मशीनच्या पुस्तिकेत किमान 0.5 बार लिहिलंय. तळमजल्यावाल्यांना हा प्रश्नच येत नाही.

थंडीत भागून जात होतं, कारण टाकी भरलेली असायची आणि पाण्याला ओढ कमी. उन्हाळ्यात दुपारी प्रत्येक फ्लॅटचा कूलर सुरू असतो. बहुतेकांनी फ्लोट लावलेत, त्यामुळे ते टाकीच्या त्याच पाइपातून सारखं पाणी ओढत राहतात. 45 अंशांत कूलर बंद करा म्हणायची कोणाची छाती आहे! आणि या व्हॉल्व्हची रचनाच अशी की विजेने आतली छोटी पिन तेवढी उचलली जाते, रबरी पडदा उघडतो तो पाण्याच्या दाबाने. दाब नसला की व्हॉल्व्हपर्यंत वीज येते, घूंघूं होते, पाणी मात्र येत नाही. नवा व्हॉल्व्ह बसवला असता तरी तेच झालं असतं, पैसे तेवढे गेले असते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, व्हॉल्व्ह बदलायच्या आधी बादली लावून पाहा. मशीनचा प्लग काढा, अँगल कॉक बंद करा, इनलेट पाइप मशीनकडून सोडवा, त्याचं टोक 10 लिटरच्या बादलीत धरा आणि कॉक पूर्ण उघडा. आमच्या पुस्तिकेप्रमाणे मिनिटाभरात बादली भरायला हवी. आमची सकाळी भरत होती, दुपारी निम्मीसुद्धा नाही. ज्या वेळी मशीन अडतं त्याच वेळी ही परीक्षा घ्या, नाहीतर काही कळणार नाही. काही मशीनच्या इनलेट पाइपाला जाड डबी आणि आतून वायर असते, तो पाइप कापायचा नाही आणि डबी पाण्यात बुडवायची नाही.

पाइप सुटलेलाच असतो तर व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळीही पाहून घ्या. टाकी धुतल्यानंतर किंवा टँकरचं पाणी आल्यावर तिथे रेती आणि क्षाराचे पापुद्रे अडकतात. चिमट्याने जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासायची. सुई खुपसू नका, जाळी फाटली की रेती थेट व्हॉल्व्हमध्ये जाते.

बादली भरते, जाळी साफ आहे आणि तरी मशीन पाणी घेत नाही, तर इतर कारणं शोधायची. ड्रेन पाइप फार खाली सोडला असेल तर आलेलं पाणी मागच्या मागे वाहून जातं. पाणी न घेता ड्रेन पंपच सारखा चालत असेल तर तळाच्या ट्रेमध्ये गळतीचं पाणी साचून तिथला फ्लोट उचलला गेला असण्याची शक्यता असते. तिथे मात्र कारागीरच बोलवा.

आम्ही शेवटी गच्चीवर, आमच्या फ्लॅटला येणाऱ्या पाइपावर छोटा प्रेशर पंप बसवला. नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो. सोसायटीची परवानगी आधी घेतली, कारण पाइप सामाईक असेल तर इतरांचं पाणी ओढलं जातं. तेव्हापासून भर मे महिन्यात दुपारीसुद्धा मशीन अडलेलं नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर कडकपणाचं सेटिंग वाढवा आणि डिशवॉशरचंच मीठ घाला, स्वयंपाकाचं नको. आमच्याकडे बोअर मिसळलं की काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग यायचे, सेटिंग बदलल्यावर ते गेले.

एक कुरकुर अजून आहे. पंपाचा आवाज खालच्या बेडरूमपर्यंत येतो, म्हणून रात्री दहानंतर मशीन लावत नाही. पंपाखाली जाड रबर टाकायचं ठरलंय.