पावसाळी ट्रेकला पोंचो की रेनकोट?

वजनाचा हिशेब केला तर पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा पावसाळी झगा, जिंकतो. पातळ नायलॉनचा पोंचो ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पाठीवरची सॅकही त्यातच झाकली जाते. रेनकोट घेतला की सॅकचं कव्हर वेगळं आलं, पँट वेगळी आली. शिवाय सह्याद्रीच्या पावसात चढताना थंडीपेक्षा उकाडाच जास्त छळतो. बंद रेनकोटात माणूस पावसाने कमी आणि घामाने जास्त भिजतो. पोंचोत बाजूंनी वारा खेळतो. घामाची वाफ बाहेर सोडणारी महागडी जाकिटं आहेत म्हणा, पण आपल्या दमट हवेत त्यांचीही दमछाक होते.

मात्र हाच वारा कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पोंचोचं शीड करून टाकतो. शिड्यांवर तर तो पायात येतो आणि खालची पायरीच दिसत नाही. तिथे रेनकोटच.

मी पठारांवर, जंगलवाटांवर पोंचो नेतो. कड्याची वाट असली की निमूट जादा वजन उचलतो. कोरडे कपडे दोन्ही वेळी सॅकच्या आत, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. पाठीच्या बाजूने पाणी झिरपायचं ते झिरपतंच.