प्लेटलेट वाढवायचं इंजेक्शन देणारं सोलापुरातलं डे केअर: माहितीपत्रक एक नंबर, रविवारचा फोन मात्र सुधारा

आमच्या आत्याला आयटीपी आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या पेशी, मारतं. दीड लाखाच्या वर पाहिजेत तिथं तिच्या 12 हजारावर आलेल्या, पायावर बारीक लाल ठिपके, ब्रश केला की हिरड्यातनं रक्त. स्टिरॉइडनं भागलं नाही म्हणून डॉक्टरांनी रोमिप्लोस्टिम हे प्लेटलेट वाढवायचं इंजेक्शन चालू केलं, आठवड्यातनं एकदा, कातडीखाली, दवाखान्यातच घ्यायचं.

इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पहिल्याच दिवशी हातात दिलेलं माहितीपत्रक. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण इंडी, विजापूरकडचे पेशंट पण भरपूर असतात, आणि सिस्टर शेजारी बसून वाचून दाखवतात. टार्गेट 50 हजाराच्या पुढं, रक्तस्राव टळावा एवढंच, नॉर्मल करायच्या मागं लागायचं नाही, हे मला तिथंच कळलं. 4 लाखाच्या वर गेल्या तर डोस थांबवतात, गुठळी व्हायचा धोका असतो म्हणून. एकच पाय सुजला, छातीत दुखलं, दम लागला, शी काळी झाली किंवा अचानक जोरात डोकं दुखलं तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणून घ्यायची नाही, हे तर ठळक अक्षरात आहे. नातेवाईक पपईच्या पानाचा रस सुचवतच होते, सिस्टरनं शांतपणे समजावलं की हा डेंग्यू नाही, असलं काही द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट बघितल्याशिवाय औषध काढतच नाहीत. आत्याचं वजन 62 किलो, सुरुवातीचा डोस किलोला 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे 62 मायक्रोग्रॅम, सिरिंजमध्ये जेमतेम 0.12 मिली, थेंबभर पण जास्त झालं तर डोस चुकतो. म्हणून दोन सिस्टर वेगवेगळा हिशोब करतात, बारीक रेघांची सिरिंज उजेडात धरून आम्हाला पण दाखवतात. बाटली जोरात हलवून फेस होऊ देत नाहीत, हातात हळू फिरवतात. बघून खरंच जिवाला बरं वाटलं.

आता तक्रार. इंजेक्शन बंद केल्यावर प्लेटलेट आधीपेक्षा पण खाली जाऊ शकतात आणि निदान 2 आठवडे दर आठवड्याला सीबीसी करायची असते, ही एवढी मोठी गोष्ट पत्रकात मागं खाली बारीक अक्षरात आहे आणि कुणी तोंडानं सांगितली नाही, मी विचारलं तेव्हा सांगितली. आणि पत्रकावरचा नंबर ओपीडीचा आहे, रविवारी कुणी उचलत नाही, आत्याच्या नाकातनं रक्त आलं तेव्हा आम्ही नुसते डायल करत बसलो, शेवटी दुसरीकडं न्यावं लागलं. बिलिंगला वेळ लागतो पण ते चालतंय.

ज्यांच्या घरी हे इंजेक्शन चालू होणार आहे त्यांनी तिथं जावं, खुशाल जावं, फक्त पहिल्याच दिवशी रविवारचा आणि रात्रीचा नंबर पत्रकावर पेनानं लिहून घ्या.