टेम्पलेट घेण्याआधी ‘शंकरपाळे’ लिहून बघा

बडोद्याच्या दांडियाबाजारात आमचं फराळाचं छोटं दुकान आहे. वेबसाइटसाठी भाच्याने आधी पैसे मोजून एक देखणं टेम्पलेट, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, घेतलं. डेमोत कॉफीचे मग, मंद उजेड, सगळं झकास. आमच्या चकल्या चढवल्या आणि रयाच गेली! मोबाइलवर काढलेले उभे फोटो त्याने आडवे कापले, अर्धी परातच गायब.

अक्षरांचं तर विचारूच नका. मथळ्यात इंग्रजीच्या थाटात अक्षरं लांबलांब ठेवलेली, त्यामुळे शिरोरेघ तुटून ‘शं क र पा ळे’ असे विखुरले, जणू बरणीच लवंडली.

शेवटी वर्डप्रेसचं (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) फुकटचं ‘स्टोअरफ्रंट’ टेम्पलेट घेतलं. वर्डप्रेसवर दुकान चालवायला वूकॉमर्स लागतं, हे टेम्पलेट त्या वूकॉमर्सवाल्यांचंच आहे, म्हणून दुकानाची पानं मुकाट्याने बसली. मराठीला ‘मुक्त’ आणि गुजरातीला ‘मुक्त वाणी’ हे फॉन्ट लावले. दोन्ही एकाच घराण्यातले, शेजारी शेजारी शोभतात. इथे गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं, त्यामुळे हे लागतंच.

दिसायला मात्र साधंच. आमचे हे म्हणतात, ‘रेशनकार्डाचा फॉर्म वाटतो.’ वाटू दे. परवा कारेलीबागेतल्या एका आजींनी स्वतः, कोणाला न विचारता, अर्धा किलो कडबोळी मागवली.