बडोद्यात वेरावळचा मासा: काका खरं बोलतात, म्हणून चार स्टार

आम्ही दांडिया बाजारवाले, चार पिढ्या बडोद्यात, सीकेपी असल्यामुळे घरात मासा लागतोच, पण समुद्र कुठे नि आम्ही कुठे. आजीच्या हातचं ताजं पापलेट मला आठवतच नाही, आठवतात ते सोडे, जवळा, सुके बोंबील. आत्या मुंबईहून वडोदरा एक्सप्रेसने घट्ट झाकणाचा डबा भरून आणायची, तरी गाडीच्या अख्ख्या डब्याला कळायचं काय आहे ते.

या मासळीच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने विचारलं, काका ताजं आहे ना? तर म्हणाले, बेन, ताजं म्हणजे किती दिवसांचं चालेल तुम्हाला? मी गप्पच. काका मूळचे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या वेरावळचे. त्यांनी सांगितलं की ट्रॉलर एकदा निघाला की दहा-पंधरा दिवस परत येत नाही, पकडलेला मासा बोटीच्या पोटात बर्फात, आणि पहिल्या दिवसाचा नि शेवटच्या दिवसाचा माल एकाच धक्क्यावर उतरतो, मग रात्रभर ट्रकने चारशेच्या वर किलोमीटर. त्यामुळे ते धक्क्यावरच्या माणसाला विचारून शेवटच्या दिवसांचा माल वेगळा मागवतात, आणि जुना असेल तो जुना म्हणूनच कमी भावात देतात. कल्ले उघडून दाखवतात, आपण मागायच्या आधी.

गिऱ्हाईक कमी असेल तर बसा जरा, काका बोलके आहेत. वेरावळ म्हणजे जुनागढच्या नवाबाचं बंदर, तिथले खारवा लोक आधी मालाच्या गलबतांवर खलाशी म्हणून जायचे. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिनं बसली, सुताची जाळी गेली नायलॉनची आली, बर्फाचे कारखाने निघाले, मग कोळंबी फ्रीझ होऊन परदेशी जायला लागली. आता तर ज्या वाकट्यांना, त्या पट्टीसारख्या लांब माशांना, आपण नाक मुरडतो त्या चीनला जातात आणि राणी माशाचा लगदा करून सुरिमी बनते, म्हणजे ते खेकड्याच्या चवीचे तुकडे मिळतात ना त्याचा माल. माझ्या डोक्यात तेव्हा एकच आलं, की आजीला पापलेट मिळालं नाही ते बर्फ नव्हता म्हणून, बाकी कशामुळे नाही.

आणि बडोद्याचा समुद्राशी काय संबंध म्हणणाऱ्यांसाठी: सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं, समुद्राकाठचं ओखामंडळ गायकवाडांचं होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या साहेबाने तिथल्या समुद्रातल्या जीवांचा अहवाल बडोदा सरकारला करून दिला, पहिला भाग 1909 आणि दुसरा 1916, आणि ओखा बंदर सुरू झालं 1926 ला. हे मी काकांना ऐकवलं तर त्यांनी मागचा एक क्रेट पुढे ओढला, म्हणाले हा ओख्याचा, महाराजांचा घ्या.

आता तक्रारी. सुरमईच्या तुकड्या जाड कापतात, दोनदा सांगावं लागतं. पिशवी गळते, माझ्या ॲक्टिव्हाच्या डिकीत पंधरा दिवस वास होता आणि आमची सोसायटी बहुतेक जैन, लिफ्टमध्ये मी श्वास रोखून उभी. स्टीलचा डबा घेऊन जा. पार्किंग नाही. पापलेट महाग आहे, पण ते कुठे स्वस्त आहे.

1 जूनपासून मासेमारीला बंदी लागते, गुजरातमध्ये हल्ली 15 ऑगस्टपर्यंत, तेव्हा काका सरळ सांगतात की समुद्राचं सगळं फ्रोझन आहे, नाहीतर रोहू-कटला घ्या. मी आधी जिथून आणायचे (नाव घेत नाही) त्यांनी मला भर जुलैत पापलेट दिलं होतं "आजच धक्क्यावरून आलंय" म्हणून, आणि मी ते कौतुकाने भरून तळलंही होतं.

ओले बोंबील मात्र इथेही घेऊ नका, म्हणजे काकाच देत नाहीत. म्हणतात, त्यात पाणीच जास्त, इथवर येईस्तोवर चिखल होतो. जाफराबादचे सुके ठेवतात, ते उत्तम. कांदा-बटाटा घालून रस्सा केला, मुलगा म्हणाला आजीसारखा झालाय. त्याने आजीला पाहिलेलंच नाही. रविवारी आठच्या आत जा, नंतर कोळंबी संपते.