विंडोज सेव्हन टाकताना डीव्हीडी ड्राइव्ह दिसेना: केबल बदलू, पेनड्राइव्ह करू की बाहेरचा ड्राइव्ह आणू?

मित्राचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, मशीनवर पेजमेकर 7 आणि डोंगलवालं (मशीनला छोटी किल्ली लावली तरच चालणारं) जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्यामुळे सेव्हनच पाहिजे, दुसरं काही टाकायची सोयच नाही. (सेव्हनचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपलाय, ते मशीन नेटला लावत नाहीत हे एक बरंय.) हार्डडिस्क गेली, नवी बसवली, डीव्हीडी घातली, भाषा निवडली, इन्स्टॉल नाऊ दाबलं आणि मेसेज आला की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवायचं छोटं सॉफ्टवेअर) नाही, फ्लॉपी असेल तर घाला. फ्लॉपी! अरे बाबा, ज्या डीव्हीडीवरून तू आत्ता चालू झालास तीच तुला दिसत नाही?

तर होतं असं, की सुरुवातीला डीव्हीडी वाचतो तो बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी जागं होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. तो सेटअपचा छोटा भाग रॅममध्ये टाकतो आणि बाजूला होतो, मग सेटअप स्वतःच्या ड्रायव्हरने परत ड्राइव्ह शोधायला लागतो आणि तिथं अडकतो. म्हणून आधी ड्राइव्ह कुठं गायब होतोय ते बघा, मगच पैसे खर्च करा. बायोसमध्येच नाव दिसत नसेल तर बहुतेक केबल किंवा पॉवरची पिन, नाहीतर ड्राइव्हच मेलेला. बायोसमध्ये दिसतोय पण सेटअपमध्ये नाही, तर शिफ्ट एफ10 दाबा, काळी खिडकी उघडेल, डिस्कपार्ट आणि मग लिस्ट व्हॉल्यूम टाइप करा. यादीत डीव्हीडी-रॉम आला तर ड्राइव्ह ठीक आहे, बहुतेक डिस्कच नीट राइट झालेली नाही. आयएसओचा (डिस्कच्या पूर्ण कॉपीच्या फाइलचा) हॅश, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते सांगणारा कोड, जुळवून 4एक्स स्पीडने परत राइट करा.

आतलाच ड्राइव्ह वापरायचा असेल तर कॅबिनेट उघडावं लागतं, पण खर्च जवळजवळ शून्य. जुन्या बोर्डांवर कधीकधी दोन रंगांचे साटा पोर्ट (डिस्क आणि ड्राइव्हची केबल लावायच्या जागा) असतात, काही चिपसेटचे (बोर्डाच्या मुख्य चिपचे) आणि एकदोन वेगळ्या कंपनीच्या जास्तीच्या चिपचे. त्या जास्तीच्या पोर्टवर ड्राइव्ह असेल तर बायोसला दिसेल, सेव्हनच्या सेटअपला दिसेलच असं नाही, तेव्हा केबल चिपसेटच्या पोर्टात लावा.

पेनड्राइव्ह सगळ्यात फास्ट, 2010 च्या आसपासच्या मशीनला मी तोच सांगेन, पण काळ्या यूएसबी पोर्टात लावा. निळा म्हणजे यूएसबी 3, आणि सेव्हनच्या मूळ सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह लावूनही हाच सीडी-डीव्हीडीवाला मेसेज येतो आणि माणूस नसलेला डीव्हीडी ड्राइव्ह शोधत बसतो. मेसेज आला की कॅन्सल करून पहिल्या स्क्रीनवर या, पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टात लावा, परत इन्स्टॉल नाऊ. ऐकायला जुगाड वाटतो पण बऱ्याचदा चालतो.

आता गंमत अशी की मशीन 2015 नंतरच्या स्कायलेक (इंटेलच्या सहाव्या पिढीच्या) बोर्डाचं असेल तर हिशोब उलटा होतो. इंटेलच्या 100 सिरीज चिपसेटमधून जुना यूएसबी 2 चा कंट्रोलर (पोर्ट चालवणारा भाग) काढून टाकला, म्हणजे काळा पोर्टसुद्धा आतून नव्याच कंट्रोलरवर चालतो, आणि सेटअपमध्ये पेनड्राइव्ह तर नाहीच, यूएसबी माउस-कीबोर्डही मेलेले. तिथं साटावरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि जुना गोल पिनवाला कीबोर्ड ही जोडीच सरस. नाहीतर आयएसओमध्ये यूएसबी 3 चे ड्रायव्हर घालून पेनड्राइव्ह बनवा, गिगाबाइट, एसरॉक वगैरेंनी त्यासाठी छोटे टूल दिले होते.

बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मी तरी घेणार नाही. तोही यूएसबीवरच, म्हणजे पेनड्राइव्हचीच सगळी दुखणी, वर स्पीड कमी, आणि पुढच्या पोर्टात लावला तर पॉवर पुरत नाही, नुसता कुईकुई करतो. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं मागे लावा. आतला ड्राइव्ह खरंच मेलाय आणि बाकी जुन्या डिस्कमधल्या पत्रिकांच्या फाइली काढायच्यात, तरच घ्या.

मित्राकडे मी दोन तास तो ब्राउझ ड्रायव्हरवाला डबा उघडझाप करत होतो, शेवटी कॅबिनेट उघडलं, कागदाची भुकटी फुंकली, तर डीव्हीडी रायटरची केबल कडेच्या पांढऱ्या, म्हणजे जास्तीच्या चिपच्या साटा पोर्टात आणि बाकी सगळे साटा पोर्ट निळे. केबल निळ्यात टाकली आणि पुढच्या वेळी सेटअप सरळ कुठल्या पार्टिशनवर टाकू विचारायला लागला.