कॅमची पेस्ट आणि झिंकची बाटली : अँबेसेडरवर सात-आठ महिने वापरून

इंजिन ऑईलमध्ये ओतायच्या या झिंकच्या बाटलीवर पीपीएम (दहा लाखांत किती भाग) छापायला कंपनीला काय धाड भरलीय तेच कळत नाही. 'इंजिनला संपूर्ण संरक्षण' ठळक छापलंय, पण झिंक किती, फॉस्फरस किती, एक अक्षर नाही. कस्टमर केअरला फोन लावला तर पोरगी म्हणते, "सर, पिकअप वाढेल." अहो, मला पिकअप नको, आकडा पाहिजे! चेंबरमध्ये चार लिटर ऑईल, त्यात ही किती ओतायची हे आकड्याशिवाय ठरवायचं कसं? झिंक कमी पडलं तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) झिजून जातो, प्रमाणाबाहेर झालं तर तेच धातू खातं.

गाडी जुनी, १४८९ सीसी पेट्रोल. आधीच्या गॅरेजवाल्यानं नवा कॅम नुसत्या ऑईलवर बसवला, गाडी चालू करून स्लोला सोडली आणि चहाला गेला. दोन लोब, म्हणजे कॅमवरचे उंचवटे, सपाट! या इंजिनात लोबला ऑईल मिळतं ते मुख्यतः क्रँकनं उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि स्लोला ते पुरत नाहीत. म्हणून यंदा लातूरला दुसऱ्या मिस्त्रीकडं काम दिलं आणि शेवटपर्यंत तिथंच उभा राहिलो.

काळी मॉलिब्डेनम पेस्ट लोबवर आणि त्यावर टेकणाऱ्या टॅपेटच्या तळाला बोटानं चोळली. एवढी चिवट की रॉकेलनंही नखातून निघेना. टायमिंग आधीच जुळवलं, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं, कारण सेल्फ मारत बसलं की पेस्ट पुसून जाते. पहिल्याच सेल्फला गाडी लागली. लगेच रेस वर, २००० ते २५०० आरपीएममध्ये वर-खाली करत अर्धा तास. हे सगळं पहाटे. आपल्याकडच्या उन्हात दुपारी उभ्या गाडीचा रेडिएटर तग धरत नाही. टॅपेट कव्हर काढून थोडा वेळ बघितलं, टॅपेटवर उभे असलेले आठही पुशरॉड स्वतःभोवती फिरत होते. लोब किंचित उतरता आणि टॅपेटचं तोंड किंचित फुगीर असतं, म्हणून टॅपेट फिरतो. जो फिरत नाही तो लोब खाऊन टाकतो. तो फेर बघून जिवात जीव आला.

पहिलं ऑईल बदलेपर्यंत मी बाटलीवर खूश होतो. आता नाही. ऑईलमध्ये झिंक आणि फॉस्फरस एकाच रसायनातून जोडीनं येतात. २००४ च्या एपीआय एसएम या ऑईलच्या दर्जापासून १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल ऑईलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमवर अडवलाय, सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. सीआय-४ दर्जाच्या डिझेल ऑईलला ती मर्यादा नाही. तेच १५डब्ल्यू-४० सध्या घालतोय, बाटलीविना. परवा डायल गेज लावून लिफ्ट (लोब किती उचलतो ते) मोजली, सगळे लोब जागच्या जागी. मग दोन लिटर ऑईलच्या भावाची बाटली कशाला?

पेस्टला मात्र पैकीच्या पैकी. मेव्हण्याच्या जीपचं इंजिन खोललंय, त्याच्यासाठी फक्त पेस्टच मागवलीय.