गूगल डॉक्सवर रेझ्युमे: बरेच महिने वापरल्यानंतर

फ्रेशरपासून पाच-सात वर्षांच्या अनुभवापर्यंत गूगल डॉक्स पुरतं. रेझ्युमे बनवून देणाऱ्या साइटला पैसे मोजायची गरज नाही. बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरही हे मत कायम आहे, फक्त काही खाचखळगे आधी माहीत हवेत.

पहिला साच्याचा. टेम्प्लेट गॅलरीतला 'स्विस' देखणा, पण तो दोन रकान्यांचा. अर्ज चाळणारी सॉफ्टवेअर, म्हणजे एटीएस, असे रकाने कधीकधी आडवे वाचतात आणि 'टॅली प्राइम' (हिशेबाचं सॉफ्टवेअर) हे कौशल्य जुन्या कंपनीच्या नावाला जाऊन चिकटतं. एका रकान्याचा 'स्पिअरमिंट' घ्या, नाहीतर सरळ कोरं पान. फोन नंबर हेडरमध्ये नको, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. कागद ए4, समास 2.54 ऐवजी 1.8 सेंमी, अक्षर एरियल किंवा कॅलिब्री, 10.5 ते 11. पीडीएफ झाली की त्यातलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम विस्कटला तर एटीएसमध्येही विस्कटण्याची शक्यता धरून चाला.

डॉक्सचा खरा फायदा मूळ प्रतीत आहे. एक लांबलचक फाइल ठेवायची, तीन-चार पानं झाली तरी चालेल. केलेलं प्रत्येक काम आकड्यासकट तिच्यात. अर्ज करताना 'मेक अ कॉपी', मग जाहिरातीत मागितलेलं ठेवून बाकीचं उडवायचं. लेखा सहायकाची जागा असेल तर 'जीएसटीचं काम पाहिलं' या ओळीतून काहीच कळत नाही. 'दरमहा सुमारे 150 खरेदी बिलांची टॅली प्राइममध्ये नोंद, जीएसटीआर-2बीशी ताळमेळ, 3बीची आकडेमोड' असं लिहिलं (2बी म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीच्या वजावटीचा पोर्टलवरचा तक्ता, 3बी म्हणजे जीएसटीचं सारांश विवरणपत्र) की मुलाखतीतला पहिला प्रश्न तुम्हीच ठरवलेला असतो. आकडा मात्र खरा हवा. पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

कॉपी केली की फाइलचं नाव 'कॉपी ऑफ…' होतं आणि डाउनलोड केलेली पीडीएफही तेच नाव घेऊन एचआरकडे पोचते. आधी नाव बदला: नाव, आडनाव, पद. डॉक्सची लिंक पाठवू नका, परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला नुसतं कुलूप दिसतं.

वर्डमध्ये फाइल मागितली की डॉक्स थोडं दगा देतं. लाटोसारखा फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसला तर दुसरा लागतो आणि एक पान दोनवर सांडतं. एरियलचा आग्रह त्यासाठीच. फोनच्या अ‍ॅपमध्ये प्रिंट लेआउट चालू केल्याशिवाय पान कुठे तुटतंय ते कळत नाही. शेवटची मांडणी लॅपटॉपवरच करा, लॅपटॉप नसेल तर निदान पीडीएफ उघडून बघा.

जे डॉक्स सांगणार नाही ते असं: राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, रेझ्युमेवर क्रम बदलला तरी स्पेलिंग तेच ठेवा, नाहीतर कागदपत्रं तपासताना खुलासे देत बसावं लागतं. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि तळाचं 'आय हिअरबाय डिक्लेअर' खाजगी नोकरीच्या अर्जातून काढून टाका. चार ओळी मोकळ्या होतात, तेवढ्यात एक प्रोजेक्ट बसतो. एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्गात प्रवेश) लागली होती हे रेझ्युमेत लिहायचं कारण नाही, पण फॉर्ममध्ये विचारलं तर खरं भरा.